सर्किट रेसिंगच्या गाडीला कोणता टर्बो बसवायचा? मोठा की योग्य?

मोबाईलवर स्क्रोल करताना असा एखादा रील तुम्हीही पाहिला असेल. गाडी डायनोच्या रोलरवर बांधलेली आहे, सायलेन्सरमधून ज्वाळा निघतायत आणि स्क्रीनवर आकडा झळकतो, ५०० हॉर्सपॉवर! खाली लाइक्सचा पाऊस. पण हीच गाडी रेस ट्रॅकवर नेली, तर तिच्यापेक्षा दोनशे हॉर्सपॉवर कमी असलेली गाडी तिला मागे टाकू शकते.

असं का होतं? कारण डायनोवर फक्त सगळ्यात मोठा आकडा मोजला जातो आणि ट्रॅकवर मोजला जातो तो पूर्ण लॅपचा वेळ. या दोन गोष्टींसाठी लागणारे टर्बो वेगवेगळे असतात.

फॉर्म्युला वनमध्येही हा धडा मोठी किंमत मोजून शिकावा लागला. जुलै १९७७ मध्ये ब्रिटनच्या सिल्व्हरस्टोन सर्किटवर रेनोने आरएस०१ ही टर्बो गाडी उतरवली. इंजिन फक्त दीड लिटरचं, समोर तीन लिटरच्या बिनटर्बो गाड्या. ताकद होती, पण ड्रायव्हरने अॅक्सिलरेटर दाबल्यावर ती यायला वेळ लागायचा, आणि इंजिन इतक्या वेळा धूर सोडत बंद पडायचं की लोकांनी गाडीला ‘पिवळी किटली’ असं नाव ठेवलं. १९७९ मध्ये रेनोने आरएस१० आणली आणि एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो बसवले. १ जुलै १९७९ रोजी फ्रान्समधल्या दिजाँ इथे जाँ-पिएर जाबुई याने ती गाडी पहिली आणली. फॉर्म्युला वनमधला टर्बो गाडीचा हा पहिला विजय. नव्या गाडीची बॉडीही जास्त चांगली होती, त्यामुळे सगळं श्रेय टर्बोला देता येणार नाही. पण लहान टर्बोमुळे ताकद वेळेवर मिळू लागली, हे मात्र खरं.

म्हणजे टर्बो निवडायचा तो लॅपसाठी, आकड्यासाठी नाही. तो कसा, हे एकेक पायरी समजून घेऊया.

टर्बो नेमकं काय करतो?

इंजिनात पेट्रोल जाळायला हवा लागते. जितकी जास्त हवा, तितकं जास्त पेट्रोल जाळता येतं आणि तितकी जास्त ताकद मिळते. टर्बोमध्ये एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. एका बाजूचा पंखा म्हणजे टर्बाइन, तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराने फिरतो. दुसऱ्या बाजूचा पंखा म्हणजे कॉम्प्रेसर, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हा दांडा मिनिटाला एक लाखापेक्षा जास्त फेरे घेतो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं, मूळ तत्त्व आजही तेच आहे.

वातावरणाच्या दाबापेक्षा जितका दाब जास्त मिळतो, त्याला बूस्ट म्हणतात. तो बारमध्ये किंवा पीएसआयमध्ये मोजतात. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय.

इथे दोन शब्दांमध्ये लोक नेहमी गोंधळ करतात. पहिला, बूस्ट थ्रेशोल्ड. म्हणजे ज्या आरपीएमच्या खाली टर्बो पूर्ण बूस्ट देऊच शकत नाही तो आरपीएम. दुसरा, टर्बो लॅग. म्हणजे आरपीएम पुरेसा असूनही अॅक्सिलरेटर दाबल्यापासून बूस्ट येईपर्यंत लागणारा वेळ. ट्रॅकवर हे दोन्ही महत्त्वाचे आहेत, आणि दोन्ही टर्बोच्या आकाराबरोबर वाढतात.

सर्किट आणि ड्रॅग स्ट्रिप, फरक कुठे आहे?

ड्रॅग रेस सरळ रेषेत असते आणि काही सेकंदांत संपते. अॅक्सिलरेटर एकदा दाबला की शेवटपर्यंत दाबलेलाच. तिथे मोठा टर्बो चालतो.

सर्किटवर मात्र प्रत्येक वळणाला ड्रायव्हर अॅक्सिलरेटर सोडतो, ब्रेक लावतो आणि वळणाच्या मध्यापासून पुन्हा हळूहळू अॅक्सिलरेटर देतो. एका लॅपमध्ये हे आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा घडतं. दर वेळी टर्बोला नव्याने वेग घ्यावा लागतो.

समजा, वळणातून बाहेर पडताना टर्बो अर्धा सेकंद उशिरा जागा झाला. त्या अर्ध्या सेकंदात गाडीचा वेग सेकंदाला एक मीटरने, म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटरने कमी राहिला. फार वाटत नाही. पण ही तूट पुढच्या सरळ रस्त्यावर बराच वेळ सोबत राहते. आठ सेकंदांच्या सरळ रस्त्याच्या शेवटी तुम्ही पाच-सात मीटर मागे असता, म्हणजे एका गाडीच्या लांबीपेक्षा जास्त. आणि हे फक्त एका वळणाचं गणित झालं.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. वळणात टायर आधीच मर्यादेवर असतात. अशा वेळी अॅक्सिलरेटर दाबला, काहीच झालं नाही म्हणून आणखी दाबला आणि मग सगळं बूस्ट एकदम आलं, तर मागची चाकं सुटतात आणि गाडी गरकन फिरते. १९७५ पासून विकल्या गेलेल्या पोर्शे ९३० टर्बोची ‘विडोमेकर’ म्हणून बदनामी झाली, त्यात या उशिरा येणाऱ्या ताकदीचा मोठा वाटा होता. ट्रॅकवरच्या गाडीत ताकद किती आहे यापेक्षा ती पायाच्या हुकमाप्रमाणे येते का, हे आधी पाहायचं.

पहिली पायरी: नियमपुस्तक उघडा

टर्बोचा कॅटलॉग उघडण्याआधी तुम्ही ज्या स्पर्धेत उतरणार आहात तिचे नियम वाचा. अनेक स्पर्धांत टर्बोचं मॉडेल बदलायलाच परवानगी नसते. काही ठिकाणी टर्बो गाडीचं इंजिन कागदावर मोठं धरलं जातं. आंतरराष्ट्रीय संघटना एफआयएच्या नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाच्या सीसीला १.७ ने गुणतात. म्हणजे १९९८ सीसीचं इंजिन वर्ग ठरवताना सुमारे ३४०० सीसीचं होतं आणि तुमची लढत थेट मोठ्या गाड्यांशी लागते.

काही ठिकाणी रिस्ट्रिक्टर सक्तीचा असतो. रिस्ट्रिक्टर म्हणजे टर्बोच्या तोंडाशी बसवलेली ठरावीक मापाची अरुंद कडी. तिच्यातून जाणारी हवा आवाजाच्या वेगाला पोहोचली की पुढे कितीही ओढ लावा, हवा वाढत नाही. वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपमध्ये वर्षानुवर्षं ३४ मिमीचा रिस्ट्रिक्टर होता. त्यातून मिनिटाला सुमारे १३ किलो हवा जाते आणि तेवढ्या हवेवर तीनशेच्या आसपास हॉर्सपॉवर निघते. अशा गाडीला ६०० हॉर्सपॉवरचा टर्बो लावून उपयोग शून्य.

नियम तोडला तर काय होतं याचंही प्रसिद्ध उदाहरण आहे. १९९५ च्या कॅटालुन्या रॅलीत टोयोटा सेलिकाच्या टर्बोमध्ये रिस्ट्रिक्टर चुकवून जास्तीची हवा आत घेणारी यंत्रणा सापडली. ती इतकी चतुराईने लपवली होती की टर्बो जोडलेला असताना दिसायचीच नाही. टोयोटाच्या टीमवर एक वर्षाची बंदी आली.

दुसरी पायरी: तुमचा आरपीएम पट्टा शोधा

नवीन टर्बो घेण्याआधी एक दिवस आहे त्याच टर्बोवर ट्रॅकवर गाडी चालवा आणि ईसीयूमधून डेटा रेकॉर्ड करा. पूर्ण अॅक्सिलरेटर असताना इंजिन सर्वांत कमी किती आरपीएमवर असतं आणि सर्वांत जास्त किती, हे पाहा. हाच तुमचा कामाचा पट्टा.

गिअरवरूनही अंदाज येतो. समजा, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरचं प्रमाण १.९, १.३ आणि १.० आहे आणि तुम्ही ७००० आरपीएमला गिअर बदलता. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेलात की आरपीएम सुमारे ४८०० वर येतो, तिसऱ्यावरून चौथ्यावर सुमारे ५४०० वर. गिअर बदलताना इंजिन ४८०० च्या खाली जात नाही. पण हळू वळणातून बाहेर पडताना ते ४००० वर असू शकतं. तेव्हा पूर्ण बूस्ट ४००० च्या आसपास मिळायला हवं. ५५०० ला जागा होणारा टर्बो तुमच्या अर्ध्या लॅपमध्ये झोपलेला असेल. आणि २२०० ला जागा होणारा टर्बोही नको, कारण तो वर जाऊन धापा टाकेल आणि खालच्या त्या आरपीएमवर तुम्ही ट्रॅकवर कधी नसताच.

सर्किटप्रमाणेही उत्तर बदलतं. जपानमधलं त्सुकुबा सर्किट फक्त २,०४५ मीटरचं आहे आणि त्यात हेअरपिन म्हणजे अगदी यू-टर्नसारखी वळणं आहेत. तिथे लवकर जागा होणारा टर्बो जिंकतो. त्याच देशातलं फुजी स्पीडवे ४.५६३ किलोमीटरचं असून तिथला मुख्य सरळ रस्ताच १,४७५ मीटर आहे. तिथे वरच्या आरपीएमची ताकद जास्त वेळ वापरता येते.

तिसरी पायरी: हवेचं गणित

आता एक खरी गाडी घेऊ. जपानमध्ये १९९९ ते २००२ या काळात विकली गेलेली निस्सान सिल्व्हिया एस१५. तिच्यातलं एसआर२०डीईटी इंजिन १९९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, कंपनीतून ६४०० आरपीएमला २५० हॉर्सपॉवर देणारं. ट्रॅकसाठी आपल्याला ३०० हवेत.

साधा नियम असा की १०० हॉर्सपॉवरसाठी मिनिटाला सुमारे साडेचार किलो हवा लागते. म्हणजे ३०० साठी सुमारे १३.६ किलो. कॅटलॉगमध्ये हा आकडा बहुतेक वेळा पौंडात असतो, तो ३० पौंड.

हे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा दोन लिटर हवा ओढतं. ६५०० आरपीएमला हिशोब होतो मिनिटाला ६.५ घनमीटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत म्हणून ९५ टक्के धरले, तर सुमारे ६.२ घनमीटर. एवढ्या जागेत १३.६ किलो हवा बसवायची, तर एका घनमीटरमध्ये २.२ किलो हवा हवी. इंटरकूलरमधून येणारी हवा ६० अंश सेल्सिअस असेल, तर १ बार दाबाला तिचं वजन घनमीटरला १.०५ किलोच्या आसपास भरतं. म्हणजे एकूण दाब हवा २.१ बार. त्यातला १ बार वातावरणाचा, म्हणून बूस्ट झाला १.१ बार.

आता हेच गणित इंटरकूलर सुधारून करा. हवा ६० ऐवजी ४० अंशांवर आली, तर तेच ३०० हॉर्सपॉवर सुमारे १ बार बूस्टवर मिळतात. टर्बोवरचा ताण कमी, इंजिनही थंड. टर्बोच्या आधी इंटरकूलरवर खर्च करा असं अनुभवी ट्युनर सांगतात, ते यासाठीच.

चौथी पायरी: कॉम्प्रेसर मॅप वाचा

नामांकित कंपन्या प्रत्येक टर्बोसोबत कॉम्प्रेसर मॅप देतात. जमिनीच्या उंचसखलपणाच्या नकाशासारखा हा आलेख दिसतो. आडव्या अक्षावर हवेचं प्रमाण, उभ्या अक्षावर प्रेशर रेशो, आणि मध्ये बेटांसारखी वर्तुळं. सर्वांत आतल्या बेटावर टर्बो सर्वांत कार्यक्षम असतो.

प्रेशर रेशो म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा दाब भागिले आत येणारा दाब. आपल्या उदाहरणात इंजिनाला २.१ बार हवेत, इंटरकूलरमध्ये ०.१ बार वाया जातो, म्हणून बाहेरचा दाब २.२. एअर फिल्टरच्या अडथळ्यामुळे आत येणारा दाब ०.९८ च्या आसपास. भागाकार येतो २.२५. आता मॅपवर ३० पौंड आणि २.२५ या ठिकाणी टिंब द्या. मग ४०००, ५००० आणि ७००० आरपीएमसाठीही अशीच टिंबं काढा. सगळी टिंबं बेटांच्या आत राहिली, तर टर्बो जुळला.

मॅपच्या डाव्या कडेला सर्ज लाइन असते. तिच्या पलीकडे कॉम्प्रेसर हवा ढकलतो, पण इंजिन तेवढी घेत नाही आणि हवा उलटी फिरते. अॅक्सिलरेटर सोडल्यावर येणारा ‘स्टु-टु-टु’ आवाज रीलवर भारी वाटतो ना? तो याच सर्जचा आवाज आहे. पूर्ण अॅक्सिलरेटरवर सर्ज झाला, तर बेअरिंगची वाट लागते. इंजिनाच्या मानाने फार मोठा टर्बो घेतला की हा धोका वाढतो.

उजव्या कडेला चोक लाइन असते. तिथे टर्बो दमतो. दांडा वेगाने फिरतो, पण हवा वाढत नाही, फक्त गरम होते. ३० अंशांची हवा २.२५ प्रेशर रेशोपर्यंत दाबली आणि कार्यक्षमता ७५ टक्के असली, तर ती सुमारे १३५ अंश होऊन बाहेर पडते. कार्यक्षमता ६० टक्के असली, तर सुमारे १६० अंश. बूस्ट गेजवर आकडा तोच, पण इंजिनात जाणारी हवा मात्र बरीच तापलेली. म्हणून नुसत्या बूस्टच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

उंचीही विसरू नका. मेक्सिको सिटीचं सर्किट समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरपेक्षा उंच आहे आणि तिथे हवेचा दाब ०.७८ बारच्या आसपास असतो. तिथे हेच ३०० हॉर्सपॉवर हवे असतील, तर प्रेशर रेशो २.२५ वरून २.९ च्या जवळ जातो आणि टर्बोला कितीतरी जास्त वेगाने फिरावं लागतं.

आकार थोडा वाढला तर काय बिघडतं?

आपल्या सिल्व्हियासाठी दोन टर्बो पाहू. गॅरेटचा जीटी२८६०आरएस, ज्याला शौकीन लोक ‘डिस्को पोटॅटो’ म्हणतात. त्याच्या कॉम्प्रेसर चाकाचा व्यास ६० मिमी आणि क्षमता सुमारे ३६० हॉर्सपॉवरपर्यंत. दुसरा त्याच कंपनीचा जीटी३०७६आर, चाक ७६ मिमीचं, क्षमता ५०० च्या वर.

फरक फक्त १६ मिमीचा दिसतो. पण सारख्याच घडणीच्या चाकाचं जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं. ६० चे ७६ मिमी झाले की जडत्व तिप्पट होतं. म्हणजे प्रत्येक वळणानंतर तिपटीने जड चाक फिरवायचं. ३०० हॉर्सपॉवर दोन्ही देतील. पहिला ते त्याच्या कार्यक्षम भागात राहून, थोडी क्षमता हाताशी ठेवून देईल. दुसरा ती ताकद उशिरा देईल आणि त्याची उरलेली दोनशेची क्षमता तुम्ही कधी वापरणारच नाही.

पुढे कधी ताकद वाढवायची झाली तर असावा, म्हणून मोठा टर्बो घेणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. लहान मुलाला पुढच्या वर्षी होतील म्हणून दोन नंबर मोठे बूट घ्यायचे आणि शर्यतीत पळवायचं, तसा हा प्रकार. अपेक्षित ताकदीपेक्षा १० ते २० टक्के जास्त क्षमता पुरेशी असते.

टर्बाइनची बाजू: इथेच खरी मेख आहे

बहुतेक लोक फक्त कॉम्प्रेसर बघतात. पण टर्बो कधी जागा होणार, हे मुख्यतः टर्बाइनची बाजू ठरवते.

टर्बाइनच्या घराला एक आकडा असतो, त्याला ए/आर म्हणतात. जीटी२८६०आरएस हा ०.६४ आणि ०.८६ अशा दोन ए/आरमध्ये मिळतो. आकडा लहान म्हणजे धुराची वाट अरुंद. नळाच्या पाईपवर बोट ठेवल्यावर पाणी जसं जोरात उडतं, तसा धूर वेगाने पंख्यावर आदळतो आणि टर्बो लवकर जागा होतो. पण वरच्या आरपीएमला तीच अरुंद वाट धुराला अडवते. मागे दाब साचतो, गरम धूर सिलिंडरमध्येच राहतो आणि नॉकिंगचा धोका वाढतो. आकडा मोठा असला की याच्या उलट.

त्सुकुबासारख्या वळणावळणाच्या सर्किटवर ०.६४ कडे कल ठेवावा, फुजीसारख्या वेगवान सर्किटवर ०.८६ चा विचार करावा. आधीच टर्बो असेल, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब मोजून घ्या. तो बूस्टच्या दाबाच्या दुपटीपर्यंत पोहोचला असेल, तर टर्बाइनची बाजू लहान पडते आहे. दीडपटीच्या आत असेल, तर ठीक.

चार सिलिंडरच्या इंजिनासाठी ट्विन स्क्रोल हा चांगला पर्याय आहे. यात टर्बाइनच्या घराचे दोन वेगळे कप्पे असतात. १-३-४-२ या क्रमाने पेटणाऱ्या इंजिनात पहिला आणि चौथा सिलिंडर एका कप्प्याला, दुसरा आणि तिसरा दुसऱ्या कप्प्याला जोडतात. त्यामुळे एका सिलिंडरच्या धुराचा झोत दुसऱ्याच्या आड येत नाही आणि टर्बो लवकर जागा होतो. मित्सुबिशीने १९९६ च्या लान्सर इव्होल्यूशन ४ पासून हेच तंत्र वापरलं. मात्र त्यासाठी मॅनिफोल्डही तसाच विभागलेला लागतो, नुसतं टर्बाइनचं घर बदलून फायदा नाही.

वेस्टगेट म्हणजे जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप. ती लहान पडली तर बूस्ट आपोआप ठरवल्यापेक्षा वर चढत जातं. लांब सरळ रस्त्यावर पूर्ण अॅक्सिलरेटर असताना हे घडलं, तर इंजिन जायला काही सेकंद पुरतात.

उष्णता हा खरा शत्रू

रस्त्यावर तुम्ही पूर्ण अॅक्सिलरेटर काही सेकंद देता. ट्रॅकवर वीस मिनिटांच्या सेशनमध्ये टर्बोला उसंत नसते. पेट्रोल इंजिनात टर्बाइनमध्ये शिरणारा धूर ९०० अंशांच्या पुढे जातो. बहुतेक टर्बाइनची मर्यादा ९५० अंशांच्या आसपास असते, महागड्या मिश्रधातूंची त्याहून थोडी जास्त. त्यामुळे धुराचं तापमान मोजणारा सेन्सर ही चैन नाही, गरज आहे.

बेअरिंगमध्ये दोन प्रकार येतात, जर्नल आणि बॉल. बॉल बेअरिंग महाग, पण अॅक्सिलरेटरला प्रतिसाद लवकर देतात. त्यांना तेल कमी लागतं, म्हणून तेलाच्या नळीत सुमारे १ मिमी भोकाचा रिस्ट्रिक्टर बसवावा लागतो. तो विसरला की तेल जास्त होऊन सीलमधून बाहेर येतं. तोच रिस्ट्रिक्टर जर्नल बेअरिंगच्या टर्बोला लावला, तर उलट बेअरिंग कोरडं पडतं.

टर्बोमधून परतणारं तेल फक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येतं. म्हणून परतीची नळी रुंद हवी, शक्य तितकी सरळ खाली उतरणारी हवी आणि संपमधल्या तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. टर्बो धूर सोडतोय म्हणून नवा टर्बो घेणाऱ्या अनेकांचा दोष प्रत्यक्षात या नळीत किंवा इंजिनाच्या ब्रीदरमध्ये असतो.

टर्बोला पाण्याची जोडणी असेल, तर ती नक्की जोडा. इंजिन बंद केल्यावर टर्बाइनची उष्णता बेअरिंगकडे सरकते आणि तिथलं तेल जळून काजळी होते. पाणी ही उष्णता ओढून घेतं. तरीही शेवटची लॅप हळू चालवायची, पिटमध्ये येऊन लगेच इग्निशन बंद करायचं नाही.

आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे आग. लालबुंद टर्बाइनच्या शेजारून तेलाची नळी जाते. ती फुटली किंवा सैल झाली, तर तेलाचा फवारा थेट तापलेल्या लोखंडावर उडतो. साधी रबरी नळी इथे चालत नाही. स्टीलच्या जाळीची नळी, तिच्यावर आगरोधक आवरण, टर्बाइनवर हीट शील्ड आणि ड्रायव्हरच्या हाताशी अग्निशामक. या चार गोष्टी नसतील, तर टर्बो बदलायचा विचार थांबवा.

टर्बोसोबत आणखी काय बदलावं लागतं?

हवा वाढली की पेट्रोलही वाढायला हवं. ३०० हॉर्सपॉवरसाठी मिनिटाला साधारण १.१५ किलो, म्हणजे दीड लिटरपेक्षा थोडं जास्त पेट्रोल लागतं. चार इंजेक्टरमध्ये वाटलं, तर प्रत्येकी ३९० सीसी. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवू नये, म्हणून किमान ४९० सीसीचा इंजेक्टर हवा. बाजारात ५५० सीसीच्या आसपासचे सहज मिळतात. फ्युएल पंपही त्या मापाचा लागतो.

ईसीयूचं ट्युनिंग तर अटळ आहे. जुन्या मॅपवर नवीन टर्बो चालवला, तर पेट्रोल कमी पडून पिस्टन वितळू शकतो. शिवाय ऑइल कूलर, चांगला रेडिएटर, लांब वळणात तेल एका बाजूला जाऊ नये म्हणून आडपडदे असलेला संप, ताकद पेलणारा क्लच आणि वाढलेल्या वेगासाठी ब्रेक. बजेट करताना टर्बोची किंमत हा फक्त एक भाग धरा.

खरेदी करताना

नामांकित टर्बोच्या हुबेहूब दिसणाऱ्या स्वस्त नकला ऑनलाइन भरपूर मिळतात. लाखापेक्षा जास्त आरपीएमवर फिरणाऱ्या चाकाचा तोल थोडा जरी चुकला, तरी ते फुटू शकतं. अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, सीरियल नंबर तपासा आणि कॉम्प्रेसर मॅप मागा. मॅप नसलेला टर्बो म्हणजे मापं नसलेला कपडा.

जुना टर्बो घेत असाल, तर दांडा हाताने हलवून पाहा. जर्नल बेअरिंगमध्ये आडवा किंचित खेळ चालतो, पण पुढे-मागे जाणवण्याइतकी हालचाल असेल किंवा पंख्याची पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, तर परत द्या.

भारतात हे कुठे वापरता येईल?

चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई इथलं सर्किट, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचं ५.१२५ किलोमीटरचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ही आपल्याकडची प्रमुख ठिकाणं. स्पर्धांचं नियमन एफएमएससीआय ही संस्था करते, तेव्हा नियम तिथून तपासा. पुण्या-मुंबईतून जाणाऱ्यांनी चेन्नईची उष्णता गणितात धरायला हवी. आत येणारी हवा ३० ऐवजी ४० अंशांची असेल, तर इंटरकूलर आणि ऑइल कूलरवरचा भार तेवढा वाढतो.

एक लक्षात ठेवा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाला येईल तसे बदल करून ती रस्त्यावर चालवता येत नाही. ट्रॅकची गाडी ट्रेलरवरूनच न्यावी.

थोडक्यात, क्रम असा ठेवा

१. स्पर्धेचे नियम वाचा.
२. आहे त्या गाडीचा ट्रॅकवरचा डेटा घ्या आणि आरपीएम पट्टा ठरवा.
३. खरोखर किती हॉर्सपॉवर लागतात ते ठरवा आणि हवेचं गणित मांडा.
४. कूलिंग, तेल आणि ब्रेक आधी नीट करा.
५. कॉम्प्रेसर मॅपवर टिंबं काढा, मग सर्किटनुसार टर्बाइनचा ए/आर निवडा.
६. दोन टर्बोंमध्ये मन अडकलं, तर लहान घ्या.
७. बसवल्यावर कमी बूस्टपासून ट्युनिंग सुरू करा, तापमानं पाहत पाहत वाढवा.

बदल करून झाल्यावर पुन्हा त्याच सर्किटवर जा आणि जुन्या लॅपच्या वेळेशी तुलना करा. डायनोच्या कागदावर पन्नास हॉर्सपॉवर वाढले, पण लॅपचा वेळ तसाच राहिला, तर चुकीचा टर्बो बसलाय. आणि आकडा थोडाच वाढला, पण वळणातून बाहेर पडताना गाडी पाय ठेवताच पळते आणि विसाव्या मिनिटालाही तशीच पळते, तर तुमची निवड बरोबर आहे.